प्रबंधाच्या अलीकडे, पलीकडे

एका घाऊक औषधविक्रेत्याकडे मी ११ वर्षे हिशेब लिहिले. हिशेबाबरोबर आणखी एक काम अंगावर येऊन पडले होते. टेंपो रोज सकाळी निघे, गावोगावच्या दुकानांत खोकी उतरवी आणि संध्याकाळी परत येई. तो कोणत्या क्रमाने फिरावा हे कागदावर मी मांडून देत असे. डिझेलचा खर्च माझ्याच वहीत चढायचा, त्यामुळे त्या क्रमाचा मला छंदच लागला. रात्री जेवण झाल्यावर गावांचे ठिपके काढायचे, अंतरे लिहायची आणि सर्वांत कमी अंतराची फेरी शोधायची. तीन वह्या भरल्यावर माझी खात्री पटली की मला नियम सापडला आहे. आहात तिथून सर्वांत जवळच्या, अजून न गेलेल्या गावाला जा. पुन्हा तेच करा. शेवटी काही ठिकाणी थोडी दुरुस्ती करायची, तिचेही नियम मी बांधले होते.

वह्या घेऊन मी गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एक सरळ रेघ ओढली. म्हणाले, “हा रस्ता. मधे तुमचं गोदाम. पूर्वेला २ आणि ८ किलोमीटरवर दोन गावं, पश्चिमेला ३ आणि १५ किलोमीटरवर दोन. चालवा तुमचा टेंपो.” मी चालवला. गोदामातून पूर्वेचे २ जवळ, तिथून पश्चिमेचे ३, तिथून पूर्वेचे ८, मग पश्चिमेचे १५ आणि परत. बेरीज ५६ किलोमीटर. सरळ एका टोकाला जाऊन दुसऱ्या टोकाला आणि परत, असे केले असते तर ४६. माझ्या दुरुस्तीच्या नियमांनाही त्यांनी अशीच एकेक आकृती काढून दाखवली. अर्ध्या तासात तीन वह्या संपल्या.

निघताना ते म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. या प्रश्नावर लोकांनी आयुष्यं घातली आहेत. ती कशी घातली ते वाचा.” मी बी.कॉम. माणूस. तेव्हापासून पुस्तके जमवून, इंग्रजीशी झगडत, जमेल तसे वाचत आलो आहे. हा लेख त्या वाचनातून आला. त्याला आणखी एक निमित्त आहे. माझी भाची याच विषयात, म्हणजे अल्गोरिदम आणि डिस्क्रीट ऑप्टिमायझेशनमध्ये, पीएच.डी. करते आहे. गेल्या वर्षी दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, “मामा, तीन वर्षं झाली, हातात काहीच नाही. सोडून देऊ का?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

विषयाचे नाव अवघड वाटते, आशय तसा नाही. मराठीत त्याला विविक्त इष्टतमीकरण म्हणता येईल. पर्याय मोजता येण्याजोगे असतात, त्यांतला सर्वांत चांगला निवडायचा असतो. ५ ड्रायव्हर आणि ५ मार्ग असतील तर त्यांच्या जोड्या १२० प्रकारे लावता येतात. १० आणि १० असतील तर ३६ लाख २८ हजार ८०० प्रकारे. २० आणि २० असतील तर सेकंदाला १०० कोटी प्रकार तपासणाऱ्या यंत्रालाही सुमारे ७७ वर्षे लागतील. पर्याय मोजता येतात, पण तपासून संपत नाहीत. मग सगळे न तपासता सर्वांत चांगला कोणता हे खात्रीने कसे सांगायचे, हा या विद्येचा प्रश्न. त्या प्रश्नाशी पदवीचा संबंध कसा आला, हे काही माणसांच्या वाटचालीतून पाहू.

उशिरा आलेला विद्यार्थी

जॉर्ज डँटझिग यांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १९३९ साली बर्कलेच्या विद्यापीठात येझी नेमन यांच्या वर्गात हा विद्यार्थी एकदा उशिरा पोहोचला. फळ्यावर दोन प्रश्न होते. घरचा अभ्यास समजून त्याने ते उतरवून घेतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला म्हणून माफी मागून काही दिवसांनी उत्तरे नेमन यांच्या टेबलावरच्या ढिगाऱ्यात ठेवली. सुमारे सहा आठवड्यांनी एका रविवारी सकाळी नेमन त्याच्या दारावर थापा मारत उभे राहिले. ते दोन्ही संख्याशास्त्रातले तोवर न सुटलेले प्रश्न होते. पुढे डँटझिग प्रबंधाच्या विषयाची काळजी करू लागले तेव्हा नेमन यांनी सांगितले की ती दोन उत्तरे एका फाइलीत बांधून द्या, प्रबंध म्हणून स्वीकारतो. मधे युद्ध आले आणि पदवी १९४६ साली हाती पडली.

ही गोष्ट बहुधा आत्मविश्वासाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. डँटझिग यांचे वडील टोबायस हे स्वतः गणिती होते, पॅरिसमध्ये प्वांकारे यांच्या हाताखाली शिकलेले. मुलगा उशिरा आला हे खरे, पण आला होता तो नेमन यांच्या वर्गात. फळ्यावरचा प्रश्न प्रश्न म्हणून ओळखण्याइतकी तयारी त्याच्यापाशी आधीच होती.

ज्या कामासाठी डँटझिग यांचे नाव घेतले जाते ते प्रबंधात नव्हतेच. पदवीनंतर ते अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनाच्या कामात होते. माणसे, सामान, प्रशिक्षण यांची वेळापत्रके हाताने आखली जात. ते काम यंत्राला करता येईल का, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला आणि १९४७ साली त्यांनी सिम्प्लेक्स पद्धत काढली. तिची पहिली मोठी परीक्षा आहाराच्या प्रश्नावर झाली. शरीराला लागणारी सगळी पोषणद्रव्ये मिळतील असा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार कोणता? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी चतुर अंदाजाने ३९ डॉलर ९३ सेंट हे उत्तर काढले होते. ७७ पदार्थ आणि ९ अटी असलेले ते गणित ९ कारकुनांनी हाताच्या गणकयंत्रांवर केले. सगळ्यांचे मिळून १२० दिवसांचे श्रम झाले. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट.

फरक २४ सेंटचा. मी स्वतः कारकून, त्यामुळे हा तपशील वाचून थबकलो. २४ सेंटसाठी १२० दिवस? पण स्टिगलर यांना आपले उत्तर सर्वोत्तम आहे की नाही हे सांगता येत नव्हते. त्या नऊ जणांच्या श्रमांनी हे सिद्ध झाले की यापेक्षा स्वस्त आहार असूच शकत नाही. चांगले उत्तर आणि सर्वांत चांगले असल्याची खात्री, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या तीन वह्यांत दुसरी गोष्ट कुठेच नव्हती.

तळटीप आणि शब्दकोश

हॅरल्ड कून यांनी १९५० साली प्रिन्स्टनमधून पीएच.डी. मिळवली ती शुद्ध बीजगणितात, गटसिद्धांतात. ड्रायव्हर आणि मार्ग यांच्या जोड्या लावण्याच्या प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता. १९५३ साली ते बुडापेस्टच्या देनेश केनिग यांचे आलेखांवरचे जर्मन पुस्तक वाचत होते. १९३६ सालचे हे पुस्तक म्हणजे आलेखसिद्धांतावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ. त्यातल्या एका तळटीपेत येने एगेरवारी यांच्या १९३१ सालच्या लेखाचा उल्लेख होता. लेख हंगेरियन भाषेत. कून यांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून हंगेरियन व्याकरण आणि शब्दकोश आणला आणि दोन आठवडे बसून तो लेख स्वतः इंग्रजीत उतरवला.

त्यातून जी पद्धत निघाली तिचा गाभा कोणत्याही हिशेबनिसाला समजेल. कोणत्या ड्रायव्हरला कोणत्या मार्गावर किती खर्च येतो याचा तक्ता करा. एका ओळीतल्या सगळ्या आकड्यांतून सारखीच रक्कम वजा केली तर सर्वांत स्वस्त जुळणी बदलत नाही, कारण त्या ड्रायव्हरला कुठला ना कुठला एक मार्ग घ्यायचाच आहे. रकान्यांचेही तसेच. अशी वजाबाकी करत शून्ये तयार करायची आणि प्रत्येक ओळीत व प्रत्येक रकान्यात एकेकच येईल अशी शून्ये निवडता येतात का ते पाहायचे. जमत नसेल तर पुढची वजाबाकी कुठे करायची, हे केनिग यांच्या प्रमेयावरून कळते. २० ड्रायव्हरांचे जे काम सगळे पर्याय तपासून ७७ वर्षांत झाले असते, ते आज संगणकावर डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. कून यांनी १९५५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिला स्वतःचे नाव न देता ‘हंगेरियन पद्धत’ म्हटले.

केनिग यांना हे पाहता आले नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये हंगेरीत नाझींच्या बाजूच्या पक्षाने सत्ता बळकावली आणि काही दिवसांतच ज्यू वंशाच्या केनिग यांनी जीवन संपवले. त्यांच्या पुस्तकातली तळटीप मात्र ९ वर्षांनी एका अनोळखी वाचकापर्यंत पोहोचली.

याला पुढे आणखी एक जोड मिळाली. २००६ साली लक्षात आले की जर्मन गणिती याकोबी यांनी जुळणीचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सोडवून ठेवला होता. याकोबी १८५१ साली वारले. त्यांचे ते लेखन लॅटिनमध्ये होते आणि मृत्यूनंतर छापले गेले होते. कून तेव्हा हयात होते. आपल्या पद्धतीला शंभर वर्षांहून जुना पूर्वज आहे, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून टाकले.

ज्यांच्याकडे पदवी नव्हती

आता माझ्यासारख्याला फार सोयीचे असे एक नाव. जॅक एडमंड्स यांनी मेरीलँड विद्यापीठातून एम.ए.च्या दर्जाची पदवी घेतली. पीएच.डी. केली नाही. १९५९ पासून १० वर्षे ते वॉशिंग्टनमधल्या सरकारी मानक संस्थेत, वजने-मापांपासून संगणकांपर्यंत सगळ्याचा अभ्यास करणाऱ्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, काम करत होते.

कून यांच्या प्रश्नात दोन गट होते, ड्रायव्हर आणि मार्ग. एडमंड्स यांनी एकाच गटातल्या जोड्यांचा प्रश्न घेतला. वसतिगृहात दोघादोघांची खोली आहे, कोणाचे कोणाशी जमते हे ठाऊक आहे, तर जास्तीत जास्त जोड्या कशा लावाव्यात? इथे जुनी पद्धत अडते, कारण तिघांची, पाचांची, विषम संख्येची वर्तुळे तयार होतात आणि शोध त्यांत फिरत राहतो. एडमंड्स यांची युक्ती अशी की असे वर्तुळ भेटले की ते आक्रसून त्याचा एकच ठिपका करायचा, पुढे जायचे आणि शेवटी ते पुन्हा उलगडायचे. मिटणाऱ्या-उमलणाऱ्या त्या वर्तुळाला त्यांनी फूल म्हटले. १९६५ साली हा लेख प्रसिद्ध झाला.

त्या लेखात मधेच एक विषयांतर आहे आणि तेच पुढे या सगळ्या शास्त्राचा पाया ठरले. चांगली पद्धत म्हणजे कोणती? पूर्वी एवढेच पाहत की पर्याय सान्त आहेत ना, मग कधीतरी उत्तर मिळेलच. एडमंड्स म्हणाले, हे पुरेसे नाही. प्रश्नाचा आकार वाढला की लागणाऱ्या पायऱ्या त्या आकाराच्या वर्गाच्या, घनाच्या, अशा ठरावीक घाताच्या पटीत वाढाव्यात. दर नव्या ठिपक्यामागे दुप्पट होऊ नयेत. आयबीएममधले ॲलन कोबम यांनीही त्याच सुमारास असाच विचार मांडला. आज विद्यार्थी पहिल्याच वर्षी ही व्याख्या शिकतो.

पीएच.डी. नसलेल्या एडमंड्स यांना १९६९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने प्राध्यापक केले आणि त्यांच्या हाताखाली पुढे अनेकांनी पीएच.डी. मिळवली. इथे मला म्हणावेसे वाटते की पाहा, पदवीशिवायही होते. पण हा निष्कर्ष पुरता प्रामाणिक नाही. एडमंड्स यांना रोजच्या कामाच्या जागी चर्चा करणारे गणिती सहकारी होते. १९६१ च्या उन्हाळ्यात रँड संस्थेतल्या कार्यशाळेत आपले विचार या विषयातल्या मोठ्या लोकांपुढे मांडण्याची संधी त्यांना मिळाली. माझ्याकडे पदवी नव्हती तशीच चूक दाखवणारी मंडळीही नव्हती. ११ वर्षांत एकच भेट, तीही अर्ध्या तासाची. पदवीपेक्षा ही दुसरी उणीव मोठी होती.

ज्यांना नाकारले गेले

एडमंड्स यांनी चांगली पद्धत म्हणजे काय ते सांगितले. पण काही प्रश्नांना चांगली पद्धत मिळतच नव्हती. माझ्या टेंपोच्या फेरीचा त्यांत समावेश होता. हे अपयश माणसांचे की प्रश्नाचे?

स्टीफन कुक यांनी १९६६ साली हार्वर्डमधून पीएच.डी. केली आणि ते बर्कलेत शिकवू लागले. १९७० साली तिथे त्यांना कायम केले गेले नाही, म्हणून ते टोरांटोला गेले. पुढच्याच वर्षी, मे १९७१ मध्ये, त्यांनी एक लेख सादर केला. तर्कशास्त्रातला एक विशिष्ट प्रश्न असा आहे की तो झटपट सुटला तर ज्यांचे उत्तर झटपट तपासता येते असे सगळेच प्रश्न झटपट सुटतील, हे त्यांनी सिद्ध केले. १९७२ साली बर्कलेतल्याच रिचर्ड कार्प यांनी २१ प्रश्नांची यादी दिली: वेळापत्रके, वाटण्या, सर्व ठिकाणी एकदाच जाणारी फेरी. एक सोपा झाला तर सगळे सोपे, अशा साखळीने हे प्रश्न एकमेकांना बांधलेले आहेत. टेंपोची फेरी त्याच साखळीत येते.

लोखंडी पडद्यापलीकडे, मॉस्कोत, कोल्मोगोरोव यांचे तरुण विद्यार्थी लिओनिद लेविन स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोहोचले होते. त्यांचा लेख १९७३ साली छापला गेला, मोजून दोन पानांचा. लेविन यांनी पदवीसाठीचे सर्व काम पुरे केले होते, पण राजकीय कारणांवरून त्यांना ती दिली गेली नाही. १९७८ साली ते अमेरिकेत गेले आणि १९७९ साली एमआयटीतून त्यांनी पीएच.डी. घेतली. आज ते प्रमेय कुक आणि लेविन अशा दोघांच्या नावाने ओळखले जाते.

एकाला नोकरीत कायम केले नाही, दुसऱ्याला पदवी दिली नाही. दोघांच्या प्रमेयाला मात्र कोणी हात लावू शकले नाही, कारण ते छापलेले होते आणि कोणालाही तपासता येत होते. संस्था माणसांबद्दल चुकू शकतात. सिद्धतेची ओळ ना ओळ उघड असते, म्हणून ती चूक उशिरा का होईना, दुरुस्त होते.

एक मराठी प्रबंध

कार्प यांच्याच हाताखाली १९८३ साली बर्कलेत पीएच.डी. पूर्ण करणारे नरेंद्र करमरकर हे मराठी घरातले. जन्म ग्वाल्हेरचा. १९७८ साली त्यांनी पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते अमेरिकेत गेले.

विद्यार्थिदशेत, १९८२ साली, त्यांनी कार्प यांच्यासोबत लिहिलेला एक लेख मला विशेष आवडतो. फॅब्रिकेटरच्या दुकानात ठरावीक लांबीच्या सळ्या येतात. गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या मापांचे तुकडे हवे असतात. कमीत कमी सळ्यांत सगळे तुकडे कसे बसवायचे? हाही अवघड प्रश्नांच्या साखळीतलाच. करमरकर आणि कार्प यांनी अशी पद्धत दिली की ती सर्वोत्तम उत्तरापेक्षा थोड्याच सळ्या जास्त वापरते. किती जास्त, तर सळ्यांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या वर्गाच्या प्रमाणात. काम कितीही मोठे होवो, हा जादा खर्च फार सावकाश वाढतो. ही हमी २०१३ पर्यंत कोणाला सुधारता आली नाही. मग टोमास रोथव्हॉस यांनी ती सुधारली, आणि पुढे रेबेका होबर्ग या डॉक्टरेटच्या विद्यार्थिनीबरोबर आणखी सुधारली.

जगभर नाव झाले ते मात्र पदवीनंतरच्या वर्षी. डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत व्यवहारात वेगवान असली तरी १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी तिला पायऱ्यापायऱ्यांत अडकवून ठेवणारी उदाहरणे रचली होती. १९७९ साली मॉस्कोच्या लिओनिद खाचियन यांनी दाखवले की या प्रकारच्या प्रश्नांना एडमंड्स यांच्या अर्थाने चांगली पद्धत आहे. पण ती प्रत्यक्षात मंद होती. १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना करमरकर यांनी तिसरी वाट काढली. पर्यायांचा जो अनेक पैलूंचा हिरा तयार होतो, त्याच्या कडाकडांनी सिम्प्लेक्स पद्धत फिरते. करमरकर यांची पद्धत हिऱ्याच्या आतून जाते. तिच्या वेगाची खात्री सिद्धतेने देता येत होती आणि ती प्रत्यक्षात चालतही होती. त्यांचा लेख प्रसिद्ध झाला तो ‘कॉम्बिनेटोरिका’त. केनिग आणि एगेरवारी यांच्या हंगेरीतले हे नियतकालिक.

१९ नोव्हेंबर १९८४ च्या न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. त्यानंतर वादही झाला. सिद्धता छापलेली होती, पण वेगाचे दावे पडताळायला लागणारे प्रोग्रॅमचे तपशील कंपनीने उघड केले नाहीत, अशी जाणकारांची तक्रार होती. १९८८ साली कंपनीला या पद्धतीचे पेटंट मिळाले. तिच्यावर बेतलेली संगणकप्रणाली सुमारे ८९ लाख डॉलर किमतीला विक्रीस ठेवली गेली. दरम्यान १९८६ साली इतर संशोधकांनी दाखवून दिले की हिऱ्याच्या आतून जाण्याची ही कल्पना एका जुन्या पद्धतीच्या अगदी जवळची आहे. सोव्हिएत संघातल्या दिकिन यांनी १९६७ सालीच अशा प्रकारची एक वाट छापली होती, हेही समोर आले.

याने करमरकरांचे श्रेय कमी होत नाही, कारण वेगाची हमी देणारी सिद्धता त्यांची होती. १९८८ सालचे फुल्करसन पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी ते हंगेरीच्या एवा टार्डोश यांनाही मिळाले. पुढे करमरकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होते. पण मला या प्रकरणात एक फरक लक्षात ठेवावासा वाटतो. प्रबंध ग्रंथालयात जातो, कोणीही उघडून त्यात चूक शोधू शकतो. कंपनीतला प्रोग्रॅम तिजोरीत जातो. केनिग यांची तळटीप जर तिजोरीत असती, तर कून यांनी शब्दकोश कशासाठी आणला असता?

छत्तीसावा दशांश

टेंपोच्या फेरीचे शेवटी काय झाले? काही ठरावीक उदाहरणे पूर्ण सुटली आहेत. १९५४ साली डँटझिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वांत छोटी फेरी सिद्धतेसह काढली; २००६ साली ८५,९०० ठिपक्यांचे उदाहरण सुटले. पण प्रत्येक वेळी चालेल अशी झटपट पद्धत अजून कोणाकडे नाही.

म्हणून हमीचा मार्ग. १९७६ साली क्रिस्टोफिडीस यांनी सर्वोत्तम फेरीच्या दीडपटीपेक्षा कधीच लांब नसणारी फेरी देणारी पद्धत काढली. सोव्हिएत संघात सेर्द्युकोव यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली. तिच्यात ठिपक्यांच्या जोड्या लावण्याची एक पायरी आहे आणि तिथे एडमंड्स यांची फुले कामी येतात. त्यानंतर ४४ वर्षे त्या दीडपटीच्या खाली, सर्वसाधारण अंतरांसाठी, कोणी जाऊ शकले नाही.

२०२० साली वॉशिंग्टन विद्यापीठातले नेथन क्लाइन, ॲना कार्लिन आणि शायान ओवेस घारान खाली गेले. क्लाइन तेव्हा डॉक्टरेटचे विद्यार्थी होते; बाकीचे दोघे त्यांचे मार्गदर्शक. किती खाली गेले? दशांशचिन्हानंतर ३५ शून्ये आणि मग १, इतके. पृथ्वीभर टेंपो फिरवला तरी एवढ्या फरकाने डिझेलचा एक थेंब वाचणार नाही. तरीही त्या लेखाला त्या क्षेत्रातल्या अग्रगण्य परिषदेत सर्वोत्तम लेखाचा मान मिळाला. दीडपट ही भिंत नाही, एवढे त्याने सिद्ध केले.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला हसू आले होते. मग ते २४ सेंट आठवले, १२० दिवस आठवले, आणि हसू थांबले.

या सगळ्या माणसांची वाटचाल शेजारी शेजारी ठेवली तर पदवीबद्दल एकच एक नियम निघत नाही. डँटझिग यांचे मोठे काम प्रबंधात नव्हते, कून यांचा प्रबंध दुसऱ्याच विषयातला, एडमंड्स यांना प्रबंधच नाही, लेविन यांना तो दोनदा करावा लागला, करमरकर यांची वाट प्रबंधाच्या एक वर्ष पलीकडे होती, क्लाइन यांची प्रबंधाच्या ऐन मध्यावर. समान आहे ते वेगळेच. प्रत्येकाने आपले म्हणणे दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात मांडले, आणि तपासणारी माणसे त्यांच्या आसपास, किंवा निदान ग्रंथालयात, होती. डॉक्टरेटची ती चार-पाच वर्षे म्हणजे मुख्यतः अशा माणसांत राहण्याची मुभा. माझ्या मते तिची किंमत तेवढीच आहे, आणि ती कमी नाही.

यंदा गणपतीत भाचीचा फोन आला. दीड वर्ष ती एक विधान सिद्ध करायच्या मागे होती. “मामा, ते खोटं निघालं. सात ठिपक्यांचं उदाहरण सापडलं, सगळं कोसळलं.” मी विचारले, कोणी शोधले? म्हणाली, “मीच.” मार्गदर्शकांनी ते उदाहरण तपासून पाहिले आहे आणि त्याचे प्रबंधात स्वतंत्र प्रकरण करायला सांगितले आहे. मी तिला ते सात ठिपके काढून पाठवायला सांगितले. कागद आला. माझ्या जुन्या तिसऱ्या वहीत, प्राध्यापकांनी रेघ ओढलेल्या पानाशेजारी, मी तो ठेवला आहे. अजून मला तो पुरता समजलेला नाही. दिवाळीत ती आली की समजून घेणार आहे.